डबा घेण्याआधी गळती शोधा

मार्च संपत आला की ब्रॉयलरवाल्यांचे फोन सुरू होतात. "सर, पक्षी ढेपाळलेत, वजन धरत नाहीत. एनर्जीसाठी काहीतरी सांगा." समोरच्याला एखाद्या डब्याचं नाव हवं असतं. मी उलट विचारायला लागतो. मका कधीचा आहे? दुपारी शेडमध्ये पारा किती जातो? गादी ओली आहे का? तेव्हा तो जरा वैतागतो. "ते सगळं ठीक आहे हो, पण पाण्यातून काय देऊ?"

म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डब्यात ऊर्जा नसते. ऊर्जा मक्यात असते, तेलात असते, थोडीफार सोयापेंडीत असते. टनाला अर्धा किलो किंवा लिटर पाण्यात दोन मिली पडणाऱ्या वस्तूतून पक्ष्याला कितीशी ऊर्जा मिळणार? पूरक फार तर दोन कामं करतं. खाद्यातली जी ऊर्जा विष्ठेतून निघून जाते तिचा थोडा भाग ते पक्ष्याच्या पदरात पाडतं, किंवा पक्ष्याच्या अंगात जी वायफळ खर्च होते ती थोडी वाचवतं. पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्यांना हे लगेच कळेल. विहिरीवर मोटर जोरात चालते आणि शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही, तेव्हा आपण दुसरी मोटर आणत नाही. खोरं घेऊन पाटाच्या कडेनं चालत जातो आणि उंदरा-खेकड्यांची बिळं बुजवतो. पूरक म्हणजे चिखलाचा तो गोळा. बीळ कुठं आहे हेच माहीत नसेल, तर गोळा पाण्यात टाकून उपयोग काय?

आता ब्रॉयलरचा पाट बघू. २.२ किलोचा पक्षी १.६ एफसीआरवर (किलो वजनामागे १.६ किलो खाद्य) उचलला, तर त्यानं सुमारे साडेतीन किलो खाद्य खाल्लं. किलोला सरासरी ३,१०० किलोकॅलरी धरल्या तर त्याच्या वाट्याला १०,९०० च्या आसपास किलोकॅलरी आल्या. उचलताना त्याच्या अंगात ढोबळमानानं ४०० ग्रॅम प्रथिनं आणि २४० ग्रॅम चरबी असते. या दोन्हींत साठलेली ऊर्जा होते साधारण साडेचार हजार किलोकॅलरी. म्हणजे शंभरातले चाळीस अंगावर चढले आणि साठ उष्णता होऊन हवेत गेले. हा पक्ष्याचा दोष नव्हे. हृदय, श्वास, चालणं, पचन आणि शरीराचं ४१-४२ अंश तापमान टिकवणं या सगळ्याला ऊर्जा लागतेच. पण पचलेल्या ऊर्जेतलं आपल्या हातात जे काही आहे, ते या साठातच आहे.

दोन किलोचा एक पक्षी साधारण पंधरा-सतरा वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एक किलोवॉटचे पाऊणशे ते पंच्याऐंशी हीटर दिवसरात्र चालू आहेत असं समजा. पत्र्यावरचं ऊन वेगळंच. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की उन्हाळ्यातल्या बऱ्याच गोष्टी न सांगता समजतात.

खाद्याच्या पोत्यावर किंवा फॉर्म्युल्यात लिहिलेला आकडा असतो चयापचयी ऊर्जेचा, ज्याला आपण एमई म्हणतो. खाल्लेल्यातून विष्ठा-मूत्रावाटे गेलेली ऊर्जा वजा केली की ती उरते. ही मोजणी पिल्लांवर नीट बसवली कॉर्नेल विद्यापीठातल्या हिल आणि अँडरसन यांनी, १९५८ साली. त्याआधी टेक्सासचे फ्रॅप्स अंगावर किती चढलं हेच मोजायला निघाले होते, पण ते मोजमाप फार किचकट आणि बेभरवशाचं ठरलं, म्हणून जगानं एमई उचलली. सोय झाली, पण एक गोष्ट झाकली गेली. पचलेल्या ऊर्जेपैकी किती उष्णता होऊन जाणार, हे एमई सांगत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरला ३,०००, स्टार्टरला ३,१०० आणि फिनिशरला ३,२०० किलोकॅलरी हव्यात. दोन कंपन्यांचं फिनिशर या आकड्याला अगदी बरोबर उतरेल. तरी ज्यात ऊर्जेचा थोडा भाग तेलातून आलाय, ते एप्रिलमध्ये पक्ष्याला कमी तापवेल. प्रथिनं पचवताना आणि वापरताना सर्वांत जास्त उष्णता सुटते, पिष्टाची त्याखालोखाल, तेलाची सर्वांत कमी.

सगळ्यात मोठं बीळ मात्र बहुतेकदा गोदामात असतं. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. खळ्यावर भिजलेला, अर्धवट वाळलेला मका दोन रुपये स्वस्त मिळाला म्हणून आपण भरून ठेवतो. ओलावा बारा-तेरा टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनचा घाला थेट यकृतावर पडतो. पित्त कमी तयार होतं, चरबी पचवणारं लायपेज कमी पडतं, आणि घातलेलं महागाचं तेल विष्ठेतून बाहेर जातं. मेलेला पक्षी उघडून पाहिला तर यकृत फिकट, पिवळसर, हाताला ठिसूळ लागतं. अशा वेळी शेडच्या कपाटात लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांची रांग लागते. मका तोच, टॉनिक नवं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

टॉक्सिन बाइंडर घाला, पण त्याची मर्यादा ओळखून. बेंटोनाइटसारख्या मातीच्या जातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरून ठेवतात. टी-२ सारख्या इतर बुरशी-विषांपुढे ते दुबळे आहेत. त्यापेक्षा ओलावामापक यंत्र घ्या आणि मका उतरवून घेण्याआधी गाडीतल्या चार ठिकाणची मूठ मूठ तपासा. आता इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली आहे आणि त्या कारखान्यांतून निघालेला डीडीजीएस स्वस्त म्हणून खाद्यात शिरतो आहे. पिष्ट काढून घेतल्यावर मक्यातलं बाकी सगळं त्यात साधारण तिप्पट दाट होतं, आणि त्या बाकी सगळ्यात बुरशीचं विषही आलं. मक्यात चालून गेलेलं प्रमाण डीडीजीएसमध्ये चालत नाही.

आता एन्झाइम. स्वतःचं खाद्य बनवणाऱ्यांना या गटात खरा पैसा आहे, आणि फसगतही. झायलनेज हे एन्झाइम धान्याच्या पेशीभिंतीतला जो धागा कोंबडीला पचत नाही, तो तोडतं. भिंत फुटली की आतलं पिष्ट आणि प्रथिन मोकळं होतं, आतड्यातला चिकटपणा कमी होतो. या एन्झाइमची कीर्ती झाली ती युरोपात, जिथं कोंबडीचं खाद्य गव्हावर चालतं. गहू आणि सातू आतड्यात खळ करतात, म्हणून तिथं फरक ठळक दिसतो. आपलं खाद्य मका-सोयाचं. इथं चिकटपणा मुळातच कमी, म्हणून फायदाही बेताचा. तांदळाचा कोंडा, गव्हाचा भुसा, डीडीजीएस घालत असाल तर गणित पुन्हा झायलनेजच्या बाजूला झुकतं. विक्रेत्यानं आलेख दाखवला की पहिला प्रश्न हाच विचारा: चाचणीतलं खाद्य कशाचं होतं?

फायटेजचं काम वेगळं. वनस्पतीतल्या स्फुरदाचा सुमारे दोन तृतीयांश भाग फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो ते सोडवतं. स्फुरदासाठी घालायचं डीसीपी वाचतं ते त्यामुळे. फायटेट प्रथिनांना आणि खनिजांनाही पकडून ठेवत असल्यानं थोडी ऊर्जाही सुटते, पण फायटेज ऊर्जेसाठी विकत घेऊ नये.

एन्झाइम वापरण्याची खरी गोम पुढं आहे. ३,२०० किलोकॅलरीच्या भरपेट खाद्यावर वरून एन्झाइम टाकलं, तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. ज्याचं पोट भरलंय त्याला आणखी एक भाकरी वाढल्यासारखं. एन्झाइममुळे किलोला ५० किलोकॅलरी जादा मिळणार हा दावा पटत असेल, तर खाद्य ३,१५० वर आणा, एन्झाइम घाला आणि वाचलेलं तेल हा तुमचा नफा. हिशेब सोपा आहे. मक्यात ३,३०० आणि तेलात ८,५०० किलोकॅलरी धरा. मका काढून तेवढंच तेल घातलं की किलोमागे ५,२०० चा फरक पडतो. टनभर खाद्यात किलोला ५० वाढवायचे, म्हणजे एकूण ५०,००० हव्यात, त्यासाठी साडेनऊ किलोच्या आसपास तेल लागतं. तेल १३० रुपये आणि मका २५ रुपये धरला तर टनामागे साधारण हजार रुपये. भाव तुमच्या गावचे घाला. एन्झाइमचा टनामागचा खर्च या रकमेच्या बराच खाली असेल तरच पुढं बोला. 'बराच' अशासाठी की दाव्यातले ५० पुरते ५० क्वचितच मिळतात. आणि तीन एन्झाइमांचे तीन आकडे एकत्र बेरीज करून फॉर्म्युल्यात बसवू नका. झायलनेजनं जे सोडवलं, त्यातलं काही फायटेजही सोडवणारच होतं. एकच रुपया दोन वह्यांत जमा दाखवल्यासारखं ते होतं. पॅलेट करत असाल तर वाफेच्या ऐंशी-पंच्याऐंशी अंशांत टिकणारंच एन्झाइम घ्या, नाहीतर पॅलेट होऊन बाहेर पडेल तो त्याचा जीव गेलेला असेल.

चरबीचं पचन हे लहान पिल्लाचं दुखणं. पहिले दोन-तीन आठवडे पित्त आणि लायपेज दोन्ही तोकडे असतात. त्या वयात पामतेलासारखी घट्ट चरबी नीट पचत नाही, सोयातेल बरं पचतं. लेसिथिन किंवा लायसोफॉस्फोलिपिडचं इमल्सीफायर तेलाचे बारीक थेंब करून पित्ताला हातभार लावतं. म्हणजे ते घालायचं असेल तर प्री-स्टार्टर आणि स्टार्टरमध्ये, आणि खाद्यात तेल पुरेसं असेल तेव्हा. ज्या खाद्यात तेल नावालाच आहे, त्यात इमल्सीफायर कोणाला विरघळवणार? तेल खवट झालेलं असेल तर मात्र त्यावर कसलंच औषध नाही.

याच वयातलं दुसरं बीळ ब्रूडिंगचं. पहिला आठवडाभर पिल्लू स्वतःचं तापमान राखू शकत नाही. भोवती ३२-३३ अंश नसतील तर खाल्लेलं खाद्य ते ऊब टिकवायला जाळतं. पिल्लं आली की गूळपाणी द्यायची आपली जुनी रीत. त्यानं थोडी तरतरी येते हे खरं, पण निपलच्या पाइपात गूळ गेला की आतून बुळबुळीत थर धरतो आणि तो पुढं बॅचभर जंतू पुरवत राहतो. गूळ द्यायचाच तर पहिले काही तास उघड्या ड्रिंकरमधून द्या. पण पहिल्या रात्री शंभर पिल्लांच्या गळोत्या चाचपून पाहा. खाद्य आणि पाण्यानं मऊ भरलेली गळोती कुठल्याही टॉनिकपेक्षा भरवशाची.

आता त्या मार्चमधल्या फोनकडे येतो.

कोंबडीला घाम येत नाही. शेड तीस-बत्तीसच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातून पाणी उडवून थंड होते. धाप टाकणं हे स्नायूंचं काम आहे, त्याला ऊर्जा लागते, आणि त्या कामातून पुन्हा उष्णताच तयार होते. श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, ते सावरताना मूत्रपिंडातून बायकार्बोनेट आणि पोटॅशियम वाहून जातं. म्हणून खायचा सोडा आणि पोटॅशियम क्लोराइड उपयोगी पडतात. त्यांनी ऊर्जा येत नाही. त्यांनी तोल सावरतो आणि पक्षी पाणी जास्त पितो, हाच त्यांचा मोठा गुण. पण खाद्यातलं मीठ न मोजता सोडा वाढवला की सोडियम जास्त होतं, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते. ओल्या गादीतून कॉक्सिडिया, कॉक्सिडियातून आतड्याची नासाडी. एक बीळ बुजवताना दुसरं पाडलं. म्हणून माप तुमच्या खाद्याचा फॉर्म्युला पाहिलेल्या पशुवैद्यकाकडूनच घ्या.

जीवनसत्त्व क कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, पण कडक उन्हाळ्यात ते अपुरं पडतं. किलो खाद्यामागे २०० ते २५० मिलिग्रॅमचा चांगला अनुभव आहे. बीटेनबद्दलही माझं मत बरं आहे. पेशीतलं पाणी टिकवायला आतड्याच्या पेशी सतत मिठाचे पंप चालवत असतात, त्यात बरीच ऊर्जा जाते. बीटेन स्वतः पेशीत बसून पाणी धरतं आणि पंपांचं काम हलकं करतं. ऊन आणि कॉक्सिडिया या दोन्ही संकटांत हीच आतडी ताणाखाली असतात, त्यामुळे तिथं त्याचा उपयोग दिसतो. सुखात वाढणाऱ्या पक्ष्यांत तो दिसेलच असं नाही.

मात्र यातली एकही वस्तू खाद्य उचलण्याच्या वेळेइतकी ताकदवान नाही, आणि ती वेळ पाळायला पैसाही लागत नाही. खाल्ल्यानंतर काही तास पचनाची उष्णता अंगात चढत जाते. दहाला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी एक-दोनला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तापतो. सकाळी दहाच्या आधी फीडर वर उचला, चार-पाचला ऊन उतरल्यावर खाली करा, पहाटे आणि रात्री दिवे लावून खाऊ द्या. खाली करताना फीडर पुरेसे हवेत, नाहीतर झुंबड उडून पाठीवर ओरखडे येतात. पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी उन्हात असेल तर तिला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. गरम पाणी कोंबडी पीत नाही, मग त्यात मिसळलेलं औषध तरी पोटात कसं जाणार? विदर्भातल्या कोरड्या उन्हात फॉगर छान चालतात. कोकणात मे महिन्यात तेच फॉगर घातक, कारण हवा आधीच दमट आणि धापेतून पाणी उडायला जागाच नसते. तिथं पंखे हवेत, वारा हवा.

आणि एक इशारा. कॉक्सिडियाविरोधी औषधांतलं निकार्बाझिन उन्हाळ्यातल्या मोठ्या पक्ष्यांना देऊ नये. ते उष्णता सहन करण्याची ताकद कमी करतं आणि मर वाढवतं. खाद्य बाहेरून घेत असाल तर फिनिशरमध्ये ते आहे का, हे विचारून घ्या.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. एल-कार्निटिन लांब साखळीची स्निग्धाम्लं पेशीच्या भट्टीत नेतं हे पुस्तकात खरं, पण लायसिन-मेथिओनिन पुरेसं असलेल्या खाद्यात पक्षी ते स्वतः बनवतो. चाचण्यांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, मी पैसे घालणार नाही. ग्वानिडिनोअॅसेटिक आम्लाची बाजू भक्कम आहे. स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारं क्रिएटिन वनस्पतिजन्य खाद्यात नसतं, हे आम्ल त्याची आधीची पायरी आहे आणि टनाला ६०० ग्रॅम हे त्याचं नेहमीचं माप. सोयापेंड कमी करणाऱ्यानं त्याचा विचार जरूर करावा, कारण ते आर्जिनिनची बचत करतं. ब्युटिरेट आणि प्रोबायोटिक आतड्याचं अस्तर सांभाळतात. आतडं वजनानं थोडं पण खर्चाला उधळं, म्हणून तिथली डागडुजी फायद्याची. वाढीसाठी चिमूटभर अँटिबायोटिक टाकायची जुनी सवय मात्र सोडा. कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर तर २०१९ पासून आपल्या देशात बंदीच आहे.

पाण्यातून देताना एकमेकांचा काटा काढणाऱ्या जोड्या लक्षात ठेवा. क्लोरीनच्या पाण्यात जीवनसत्त्व क नष्ट होतं आणि प्रोबायोटिकचे जंतू मरतात. आम्ल आणि खायचा सोडा एकाच टाकीत घातले तर फेस येतो आणि दोघंही वाया जातात. हे सांगायची गरज पडू नये, पण एका शेडवर मी तीन डबे एकाच बादलीत ढवळताना पाहिले आहेत, आणि बादली ढवळणारा समाधानानं म्हणाला होता, "सगळंच पोटात जाऊ दे."

तुम्ही इंटिग्रेशनवर असाल, म्हणजे पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं, शेड आणि राबणं तुमचं, तर खाद्यातल्या एन्झाइमांचा विचार तुमच्या हातात नाही. तुमच्या हाती ब्रूडिंग, हवा, पाणी, गादी आणि फीडरची वेळ. आकडेमोड करून पाहिलं तर तुमच्या वाट्याला आलेली ही बिळं मोठी आहेत. पदरमोड करून बाहेरचा डबा आणण्याआधी सुपरवायझरला त्यातल्या घटकांची चिठ्ठी दाखवा. खाद्यात तेच आधीच घातलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

तरीही एखादं पूरक करून पाहायचं असेल तर नीट करून पाहा. 'मागच्या बॅचला दिलं, एफसीआर सुधारला' याला मी पुरावा मानत नाही. मागच्या बॅचला हवा वेगळी होती, पिल्लं वेगळ्या कळपाची होती, खाद्याची खेप वेगळी होती. शेडच्या मधोमध जाळी लावा. एकाच दिवशी, एकाच गाडीतून आलेली पिल्लं दोन्हीकडे सारखी मोजून सोडा. पूरक पाण्यातून असेल तर दोन टाक्या आणि दोन लाइन हव्यात. पोती दोन वेगळ्या वहीपानांवर लिहा, मेलेला पक्षी कोणत्या बाजूचा आणि किती वजनाचा तेही लिहा. आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोला, आणि ते जाळीजवळचे, हाताला सहज येणारे नकोत. कोपऱ्यात पाट्या आडव्या लावून जो घोळका अडकेल तो सगळा तोला. एफसीआरमध्ये एका बॅचला ०.०२ चा फरक आला तर हुरळून जाऊ नका, तेवढा तर पोती झाडण्यात होतो. निदान तीन बॅच करा, आणि प्रत्येक बॅचला बाजू बदला. नाहीतर पश्चिमेकडून येणारं ऊन ज्या बाजूला लागत नाही, ती बाजू जिंकेल आणि पैसे डबेवाल्याला मिळतील.